हुंडी, पावती आणि खत : दुष्काळातील भक्तिकाव्याविषयी

भक्ताची ददात देव भागवतो, ह्या श्रद्धेवर भारतीय भाषांतील भक्तिसाहित्याचा फार मोठा भाग उभा आहे. गुजरातीत नरसिंह मेहत्यांची हुंडी, मराठीत दामाजीपंतांची कथा, तमिळमध्ये अप्पर व संबंदर ह्यांना दुष्काळात रोज मिळणारे नाणे. सुदाम्याचे पोहे तर बहुतेक सर्वच भाषांत. ह्या कथांकडे पाहण्याच्या दोन रीती मराठी टीकेत रूढ आहेत. एक भाविकांची. तीत कथा ही ईश्वरी कृपेचा दाखला ठरते आणि काव्याचा विचार तेथेच थांबतो. दुसरी चिकित्सकांची. इतिहासाचार्य राजवाड्यांनी संतांवर निष्क्रियतेचा जो ठपका ठेवला, त्याचीच ही लांबलेली सावली. तिच्या मते उपाशी समाजाने स्वतःची समजूत घालण्यासाठी रचलेली ही स्वप्ने होत. न्यायमूर्ती रानड्यांनी संतांची बाजू घेतली खरी, पण ती राष्ट्रीय जागृतीच्या अंगाने. पोटाच्या प्रश्नाला त्यांनीही फारसा हात घातला नाही. दोन्ही पक्ष कथेचा शेवट आधी वाचतात आणि मग कथा. देव नेमके काय देतो, कोणाला देतो आणि कोणत्या रूपाने देतो, हा साधा प्रश्न त्यामुळे बाजूला पडतो. ह्या कथांचे वाङ्मयीन मर्म मात्र त्या प्रश्नाच्या उत्तरातच दडलेले आहे.

गीतेच्या नवव्या अध्यायातील योगक्षेमाचे आश्वासन हे ह्या सर्व कथांचे मूळ मानले जाते. तेथील क्रियापद ‘वाहणे’ ह्या धातूचे आहे. मराठीत त्याचा अर्थ सांगताना ‘योगक्षेम चालवतो’ असे म्हणण्याची सवय इतकी जडली आहे की मुळातले ओझे कोणाच्या ध्यानातच येत नाही. जगन्नाथपुरीकडे सांगितली जाणारी एक लोककथा मात्र ह्या ओझ्याबद्दल भलतीच जागरूक आहे. एका दरिद्री पंडिताला वाटले की परमेश्वर स्वतः कशाला भार वाहील? तो फार तर देईल. म्हणून त्याने पोथीतला तो शब्द खोडून त्या जागी ‘देतो’ ह्या अर्थाचा शब्द घातला. तो बाहेर गेला असता शिध्याचे ओझे घेऊन देव त्याच्या दारी आला, आणि त्याच्या अंगावर लेखणीच्या फराट्याचे रक्ताळलेले व्रण होते. पाठभेदाच्या वादावर इतका निर्णायक अभिप्राय कोणत्याही संपादकाने दिलेला नाही. दाता उंचावर उभा राहून देऊ शकतो. वाहणाऱ्याला खाली यावे लागते, त्याची पाठ वाकते, त्याला वाट चालावी लागते. दुष्काळातील भक्तिकाव्याचा देव हा प्रायः वाहणारा देव आहे.

दामाजीपंतांची कथा ह्या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. पंधराव्या शतकात मंगळवेढे बेदरच्या बहामनी सत्तेखाली होते व दामाजीपंत हे तेथील अंमलदार. महिपतीने १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त ही कथा जशी सांगितली आहे तीच पुढे कीर्तनकारांनी घरोघर पोचवली. महिपतीची मांडणी मोठी समर्थ आहे. तो एकदम कोठार उघडत नाही. आधी पंढरपूरचा एक ब्राह्मण दामाजीच्या पानावर बसतो आणि वाढलेले अन्न पाहून रडू लागतो, कारण घरी बायकामुले उपाशी आहेत. दामाजी त्याच्यासाठी धान्य पाठवतो; ते वाटेतच भुकेलेले लोक लुटतात. एका कुटुंबापुरती केलेली दया दुष्काळात टिकत नाही, हे महिपतीने एका प्रसंगात दाखवले आणि त्यावर भाष्य करण्याचा मोह टाळला. त्यानंतरच सरकारी कोठारांची दारे उघडली जातात, हाताखालचा अधिकारी बेदरला चुगली लिहितो आणि दामाजीला पकडून नेण्याचा हुकूम सुटतो. पुढचे सर्वश्रुतच आहे. विठ्ठल ‘विठू महार’ होऊन बेदरच्या दरबारात उभा राहतो, एवढ्याशा थैलीतून मोहरांचा ढीग ओततो, धान्याची किंमत चुकती करतो, पावती घेतो आणि ती दामाजीच्या पोथीत नेऊन ठेवतो.

ह्या कथेत देव धान्य देत नाही, ही गोष्ट आश्चर्य वाटावे इतकी दुर्लक्षित राहिली आहे. तो पाऊस पाडत नाही. रिकामी कणगी भरत नाही. भुकेलेल्यांना जे मिळाले ते दामाजीच्या निर्णयाने मिळाले, आणि ते त्यांच्याच शेतांतून वसूल म्हणून गोळा झालेले होते. देव येतो तो हा निर्णय घेऊन झाल्यावर, आणि तो वाचवतो देणाऱ्याला. ही कथा निष्क्रियता शिकवते असे म्हणणाऱ्यांनी तिचा क्रम तपासावा: सरकारी शिक्का असलेले कुलूप आधी माणसाच्या हाताने निघाले आहे. दामाजीचा देवावरचा भरवसा म्हणजे ‘देव काढील मार्ग’ असे म्हणून स्वस्थ बसणे नव्हे. ज्या कृत्याची शिक्षा देहदंडापर्यंत जाऊ शकते ते करून मग परिणाम त्याच्यावर सोपवणे, हे त्या भरवशाचे रूप आहे.

तरीही कथेत एक बोचणारी जागा उरते. बादशहाचे येणे बुडता कामा नये, हे ह्या कथेत देवालाही मान्य आहे. रयत मरते आहे म्हणून सत्तेने धान्य सोडून द्यावे, असा विचार तिच्यात कोणीच मांडत नाही. सर्वसमर्थ परमेश्वर दरबारात येतो तो बाकी फेडायला. महिपती स्वतः ताहराबादचा कुलकर्णी होता, आणि पुढे ती चाकरीची लेखणी त्याने खाली ठेवली अशी त्याची ख्याती आहे. दफ्तराचा धाक काय असतो हे तो जाणून होता. चमत्कार होऊन गेला तरी त्याचा कागद हातात असल्यावाचून जीव भांड्यात पडत नाही, हे त्या जाणतेपणातून आले आहे. मोहरा ओतण्याचे वर्णन महिपती घाईने आटोपतो. पावती पोथीत सापडते तेथे तो रेंगाळतो. भक्तिकाव्यात देवाची सही इतर कोठेही इतकी कारकुनी झालेली नसेल, आणि ती तशी आहे म्हणूनच दामाजीच्या डोळ्यांतले पाणी खरे वाटते.

आणि मग तो महार. गावगाड्यात सरकारी वसुलाचा भरणा ठाण्यापर्यंत पोचवणे, निरोप नेणे, ओझी वाहणे ही महाराची वतनी कामे होती. तेव्हा बेदरला पैसे घेऊन जाणाऱ्या देवाने महाराचे रूप घ्यावे ह्यात कथेचा व्यवहार चोख आहे. ‘वाहणे’ ज्याच्या नशिबी लिहिले होते त्याचेच हे रूप. पण मंगळवेढे हे चोखामेळ्याचेही गाव. दामाजीच्या सुमारे शतकभर आधी, १३३८ साली, गावकुसाचे काम करताना कूस कोसळून तो तेथे गाडला गेला. त्याच्या अभंगांत दुष्काळ हा चार वर्षांचा पाहुणा नाही. विठ्ठलाला जोहार घालून तो उष्टे मागतो, आणि ते मागताना आपण कोण आहोत हे आधी सांगून टाकतो. त्याच्या तोंडी ‘देव पुरवील’ ही भाषा वेगळी लागते, कारण ज्याच्या वाट्याला सुकाळातही उष्टेच येते त्याने कोणत्या कोठाराचे दार उघडण्याची वाट पाहायची? दामाजीच्या कथेचे कौतुक करताना बेदरच्या दरबारात विठ्ठल महार झाला हे मोठ्या उमाळ्याने सांगितले जाते. पंढरपूरच्या देवळात महाराला शिरण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले व साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले, हेही त्याच दमात सांगणारा कीर्तनकार विरळा. कथेचा हा दोष महिपतीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तिच्यातील सर्वांत धाडसी कल्पनेचा अर्थ न करणाऱ्या श्रोत्यांचा तो दोष आहे.

गुजरातीत प्रवेश करताच वातावरण पालटते. दरबाराच्या जागी बाजार येतो. नरसिंह मेहता हा जुनागढचा नागर ब्राह्मण पंधराव्या शतकातला, पण त्याच्या जीवनातील प्रसंगांना जे रूप आज सर्वतोमुखी आहे ते प्रेमानंदाने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिले. प्रेमानंद हा वडोदऱ्याचा माणभट्ट; तांब्याच्या घागरीवर बोटांतल्या अंगठ्यांनी ताल धरून आख्याने गाणे हा त्याचा व्यवसाय. पोटासाठी आपण सुरत आणि नंदुरबार सेवले, असे त्याने स्वतःच्याच काव्यात सांगून ठेवले आहे. हे नंदुरबार म्हणजे खानदेशातले, आजच्या महाराष्ट्रातले. १६३० च्या अखेरीस पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी सुरतेहून आग्र्यास ह्याच वाटेने गेला आणि रस्त्यावर पसरलेल्या प्रेतांचे वर्णन त्याने लिहून ठेवले. गुजरातेत संवत १६८७ वरून ‘सत्यासियो’ म्हणून ओळखला गेलेला आणि दख्खनलाही तितकाच पोळून काढणारा हा तोच दुष्काळ. समयसुंदर ह्या जैन कवीने त्यावर एक छत्तिशी रचली. तीत दुष्काळालाच खल मानून त्याच्याशी तो बोलतो, आणि तीत कोणी हुंडी स्वीकारत नाही. प्रेमानंदाच्या श्रोत्यांतील वृद्धांनी ते दिवस पाहिले असतील, निदान आईबापांच्या तोंडून ऐकले असतील. त्याच्या आख्यानांतले अन्नधान्याचे, कापडचोपडाचे लांबलचक तपशील केवळ रंजनासाठी आहेत असे मानणाऱ्याने हे विसरू नये.

‘हुंडी’ची कथा थोडक्यात अशी. द्वारकेला निघालेल्या यात्रेकरूंना वाटेत रोख रक्कम बाळगायची नसते. गावातले टवाळ नागर त्यांना नरसिंहाकडे पाठवतात. नरसिंह सातशे रुपये घेऊन द्वारकेच्या शामळशा शेठवर हुंडी लिहून देतो आणि पैसे साधुसंतांच्या भोजनात खर्चून टाकतो. द्वारकेत ह्या नावाचा कोणी शेठ नाही. यात्रेकरू हताश होतात, आणि तेव्हा व्यापाऱ्याच्या वेषात देव येऊन हुंडी वटवतो. कथा गोड आहे, पण तिच्यात एक खोच आहे. हुंडी ही पतीवर चालते. तिच्यात लिहिणाऱ्याच्या हाती काही नसले तरी चालते, पलीकडे वटवणारा कोणी आहे एवढा विश्वास पुरतो. व्यापारी समाजाने श्रद्धेसाठी आपल्या धंद्यातलाच शब्द निवडावा ह्यात नवल नाही. नवल हे की तो शब्द श्रद्धेपेक्षा कमी पडत नाही. मात्र ह्या आख्यानात टांगणीला लागतात ते परके यात्रेकरू. नरसिंह स्वतः निश्चिंत आहे. निश्चिंत माणसाचे काव्य लवकर संपते, आणि ‘हुंडी’ हे ह्या कारणाने प्रेमानंदाच्या उत्तम आख्यानांच्या पंक्तीला बसत नाही.

ते स्थान ‘कुंवरबाईनुं मामेरुं’चे. नरसिंहाच्या मुलीचे पहिलटकरणीचे डोहाळजेवण आहे; माहेरून आहेर यायचा आहे आणि बाप कफल्लक. तो मोडक्या गाडीतून टाळमृदंग आणि वैष्णवांचा मेळा घेऊन व्याह्यांच्या दारी येतो. सासरची माणसे हसतात, आंघोळीला कढत पाणी देऊन ते निववायला तुझ्या देवाला सांग म्हणतात. शेवटी आजेसासू आहेराची अशी यादी सांगते की लखपतीलाही ती पुरी करता येऊ नये, आणि वर कुचेष्टेने दोन धोंडे लिहायला लावते. देव दामोदर दोशी होऊन कापडाच्या गाठोड्यांसह येतो, सर्वांना सर्व मिळते, धोंडेसुद्धा सोन्याचे. हा भाग प्रेमानंदाने रंगवून सांगितला आहे आणि तो ऐकताना मंडळी पोट धरून हसली असतील. पण आख्यानाचा प्राण त्याच्या अलीकडे आहे. बापाजवळ काही नाही हे कळल्यावर कुंवरबाई त्याला म्हणते की तुम्ही आलात तरी कशाला, हसे होण्यापूर्वी परत जा. आणि मग आई नसलेल्या मुलीला माहेर कसले, ह्या विचाराने तिचा बांध फुटतो. हे कडवे गुजराती स्त्रियांनी शतकानुशतके स्वतःचे म्हणून गायिले. नरसिंहाचा भरवसा अढळ आहे, पण त्याची किंमत ती मुलगी चुकवते आहे, हे प्रेमानंद विसरू देत नाही. देवाच्या खात्यावर जगणाऱ्या माणसाच्या घरात राहणाऱ्यांचे काय होते?

हाच प्रश्न त्याने ‘सुदामाचरित्रा’त सुदाम्याच्या बायकोच्या तोंडी घातला. पती तिला निरिच्छतेचे तत्त्वज्ञान सांगतो. ती सांगते की हे ज्ञान मनाला पटत नाही, मुले रडताहेत, अन्न आणा. भक्तिकाव्यात अन्नाची बाजू बहुधा स्त्रीने मांडलेली असते आणि तिला बहुधा अज्ञानी ठरवलेले असते. प्रेमानंद तिला अज्ञानी ठरवत नाही. सुदामा द्वारकेला निघतो तो तिच्यामुळे, आणि पोहे तिनेच शेजारून मिळवून बांधून दिलेले. मराठीत ह्या प्रसंगावर कमी लिहिले गेलेले नाही, पण तिच्या बोलण्याला इतकी धार कोणी दिलेली नाही.

तमिळ परंपरेतील एक कथा येथे ओझरती तरी पाहिली पाहिजे. बाराव्या शतकातील सेक्किळाराच्या ‘पेरियपुराणा’त तिरुवीळिमिळलै येथे दुष्काळ पडतो, तेव्हा शिव अप्पर आणि संबंदर ह्या दोघांना त्यांच्या मठांतील भक्तांच्या भोजनासाठी रोज एकेक नाणे देतो. अप्परचे नाणे खणखणीत असते; संबंदराच्या नाण्यावर बाजारात बट्टा कापला जातो, म्हणून त्याच्याकडे जेवण उशिरा तयार होते. कारण असे दिले आहे की अप्पर हातात खुरपे घेऊन देवळाच्या आवारात अंगमेहनतीची सेवा करी. संबंदर मग बट्टा न लागणारे नाणे मागणारे पद गातो आणि ते त्याला मिळते. देवाने दिलेले नाणेही वाण्याच्या कसोटीला लागते, हा विनोद विलक्षण आहे. त्याहून विलक्षण हे की दुष्काळातही बाजारात तांदूळ आहे. नाही ते विकत घेण्याचे साधन. अमर्त्य सेन ह्यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दुष्काळ म्हणजे अन्न नसणे नव्हे, माणसांच्या हाती ते न येणे होय, असे दाखवून दिले. सेक्किळाराला अर्थशास्त्र मांडायचे नव्हते, पण त्याच्या शिवाला कोणती वस्तू द्यायची हे बरोबर ठाऊक होते. दामाजीचा विठ्ठल आणि मेहत्यांचा शामळशाही हेच जाणतात.

ह्या सर्व कथांच्या समोर तुकारामाला उभे केले की हिशेब अडतो. १६३० च्या दुष्काळात देहूच्या ह्या वाण्याचे दिवाळे निघाले आणि त्याची पहिली बायको अन्न अन्न करीत गेली. कोणी शामळशा आला नाही. कोणी महार थैली घेऊन चावडीवर उभा राहिला नाही. संतांनी आग्रह केला म्हणून तुकारामाने ज्या एका अभंगात हे सर्व सांगितले, त्यात तो आरंभी हे बोलू नये असेच सुचवतो आणि मग एकामागून एक गोष्टी अशा सांगतो की वाचणाऱ्याला खतावणीच्या रकमा वाचल्यासारखे व्हावे: आईबाप गेले, दुष्काळाने द्रव्य आणि मान गेला, बायको मेली, धंदा बसला, लाज वाटली. त्यात आक्रोश नाही. सांत्वनही नाही. पुढची ओळ भंगलेल्या देवळाच्या दुरुस्तीकडे वळते. महिपतीने एवढ्या सामग्रीवर दोन अध्याय सहज उभे केले असते.

दुसऱ्या एका अभंगात तो दिवाळे निघाले, दुष्काळाने पीडले, बायको कर्कशा मिळाली हे सारे भलेच झाले असे देवाला सांगतो. हा अभंग परभाषेत नेणाऱ्यांची येथे खरी परीक्षा होते. तो कृतज्ञतेने म्हटला तर अमानुष वाटतो. उपरोधाने म्हटला तर त्यातला देव नाहीसा होतो. मुळात दोन्ही स्वर एकाच शब्दात आहेत आणि तो शब्द मराठी घरात रोजच्या बोलण्यातला आहे: नुकसान झाल्यावर, ते बोलून दाखवण्याचेही त्राण नसताना, माणूस जो उच्चारतो तो. दामाजीची श्रद्धा परिणामाच्या आधीची आहे, नरसिंहाची परिणामाची खात्री असलेली. तुकारामाची श्रद्धा देवाने काहीच न पुरवल्यानंतरची आहे. ती इतर दोघांहून मोठी आहे की नाही हा वाद कीर्तनकारांनी करावा. काव्य म्हणून ती अधिक अवघड आहे, आणि अवघड गोष्ट साधलेली आहे.

ह्यानंतरचा कागद म्हणजे खते. वडिलोपार्जित सावकारीची कर्जखते धाकट्या भावाशी वाटून घेऊन आपल्या वाट्याची तुकारामाने इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. नरसिंहाने देवावर कागद लिहिला, दामाजीला देवाकडून कागद मिळाला, तुकारामाने कागदच पाण्यात सोडला. दुष्काळात ज्यांच्याकडे येणे होते ती गावचीच माणसे होती, तीही तितकीच उपाशी होती. देवाने बेदरला जाऊन जे केले नाही ते ह्या वाण्याने आपल्या बाकीचे केले. बादशहाची बाकी फिटली, ही सुटली.

पण नदीची गोष्ट येथे संपत नाही. पुढे त्याला कवितेच्या वह्याही त्याच नदीत बुडवाव्या लागल्या. ‘वही’ हा शब्द वाण्याचा. हिशेबाची ती वही आणि अभंगांची तीही वहीच. खते बुडवल्यावर तो निघून आला. वह्या बुडाल्यावर मात्र तो काठावर धरणे धरून बसला. हा शब्द त्याचाच आहे आणि तोही बाजारपेठेतला आहे. धरणे धरतो तो धनको, ऋणकोच्या दारात, अन्नपाणी वर्ज्य करून, आपले येणे वसूल होईपर्यंत. परभाषेत ‘उपोषण’ किंवा ‘तप’ अशा अर्थाचा शब्द योजला की ह्या प्रसंगातला देव पुन्हा दाता होतो आणि तुकाराम याचक. मुळात तसे नाही. बायको गेली तेव्हा ज्याने देवाकडे तगादा लावला नाही, सगळ्या गावाचे देणे ज्याने सोडून दिले, तो माणूस ह्या एका बाकीसाठी विठ्ठलाच्या दारात सावकारासारखा बसला आहे, आणि देवाने आपले समाधान केले एवढेच सांगून तो पुढे जातो.